साडेनऊला संपायची स्पर्धा मध्यरात्रीला का टेकली? गावातल्या एका पोकर स्पर्धेचं प्रकरण

वर्धा जिल्ह्यातलं दोन-अडीच हजार वस्तीचं गाव. मे महिन्याचा शेवटचा रविवार, नवतपा म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस सुरू. वखरणी आटोपलेली, पेरणीला अजून पंधरा-वीस दिवस. अशा दिवसांत दुपारभर माणूस घराबाहेर निघत नाही आणि संध्याकाळी सगळ्यांना वेळ असतो. यजमान तिशीतला. शहरात नोकरीला असताना टेक्सास होल्डेम हा पोकरचा प्रकार (प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, मध्ये सगळ्यांचे मिळून पाच; त्या सातांतून पाच पत्त्यांचा सगळ्यांत चांगला हात ज्याचा, तो जिंकला) शिकलेला आणि आता गावातच स्थिरावलेला. गावातले आणि शेजारच्या तीन गावांतले मिळून १८ जण, दोन टेबलं, प्रत्येकी ९. तीन पत्ती बहुतेकांना लहानपणापासून येते. होल्डेम चौघा-पाचांनाच नीट ठाऊक. प्रवेश फी नाही, रोख बक्षीस नाही, फक्त एक चषक. संध्याकाळी ५ ला सुरू, रात्री ९:३० ला शेवट, मग जेवून आपापल्या घरी, असा बेत होता.

प्रत्यक्षात पहिला हात वाटला गेला ५:४० ला, आणि शेवटचा ११:५० ला. मधल्या काळात तिघं आपला स्टॅक, म्हणजे समोरचा चिप्सचा (पैशाऐवजी लावायच्या चकत्यांचा) ढिग, टेबलावर सोडून निघून गेले, दोघांमध्ये बोलाचाली झाली, आणि शेवटी चिप्स मोजल्या तेव्हा वाटल्या होत्या त्यापेक्षा ५,००० जास्त भरल्या. दोष कुणाच्या स्वभावाचा नव्हता. स्पर्धा सुरू होण्याआधी कागदावर जो हिशोब व्हायला हवा होता तो झाला नव्हता, आणि रात्रीचे बहुतेक घोळ त्यातूनच निघाले.

पैसा बाहेर ठेवला, हे आधी

या गटाची एक गोष्ट पहिल्यापासून बरोबर होती, म्हणून तिथूनच सुरुवात. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. त्याच्या कलम १३ मध्ये निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे. रमी प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये म्हटलं, पण त्याच निकालात तीन पत्त्यांच्या खेळाला निव्वळ नशिबाच्या खेळात बसवलं. पोकरच्या बाबतीत गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो जुगारच असल्याचं सांगितलं. तेव्हा ‘पोकर म्हणजे डोक्याचा खेळ, आपल्याला कोण काय म्हणणार’ अशा भरवशावर गावात पैसे लावून बसणं म्हणजे घरावर धाड ओढवून घेणं. धाड पडली की पत्ते आणि रोख रकमेसोबत मोबाइल आणि दारातल्या मोटारसायकलीही मुद्देमालात जातात.

कायद्याइतकंच दुसरं कारण इथलं आहे. मे महिन्याच्या अखेरीला आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या हातात जो पैसा असतो तो बियाण्याचा आणि खताचा असतो. बऱ्याचदा तो पीककर्जाचा किंवा उसनवारीचा असतो. त्या पैशातली शंभराची नोटसुद्धा पत्त्याच्या टेबलावर येता कामा नये. हौस टिकवायची असेल तर ही अट सगळ्यांत वर, आणि ती तोंडी न ठेवता बोलावणं पाठवतानाच लिहून पाठवावी.

तरीही दोन फटी राहिल्या. एक, जेवणासाठी माणशी वर्गणी काढली आणि ती दारातच, नावापुढे खूण करत, चिप्स देताना गोळा केली. आत येणाऱ्या परक्या माणसाला ते दृश्य प्रवेश फी घेतल्यासारखंच दिसेल. वर्गणी काढायचीच तर दोन दिवस आधी, आणि खेळाशी संबंध न ठेवता काढावी. त्याहून सोपं म्हणजे ज्याने त्याने डबा आणावा आणि यजमानाने मठ्ठा, पन्हं पाहावं. दुसरी फट अशी की दुसऱ्या टेबलावर दोघांनी आपसांत ५०० रुपयांची पैज मारली, ‘आधी कोण बाहेर जाते ते पाहू’, आणि लगेच मोबाइलवरून तिसऱ्याकडे पैसे पाठवलेही. यजमानाला कळल्यावर त्याने ते परत करायला लावले. बरोबर केलं. टेबलावर नोट नसली तरी फोनमध्ये पैज असली की तो पैशाचाच खेळ झाला.

डीलर बटन म्हणून, म्हणजे वाटायची पाळी कुणाची ते दाखवायला, एका टेबलावर दहा रुपयांचं नाणं फिरत होतं. ते बदलून बरणीचं झाकण ठेवलं. बारीक गोष्ट आहे, पण टेबलावर नाणंसुद्धा नको. आणि अशा गटात हमखास कुणीतरी पैशाच्या पोकर ॲपची लिंक टाकतो. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आणली आहे. ती लिंक गटात राहू देऊ नये.

चिप्सचं गणित

यजमानाकडे ५०० चिप्सची पेटी होती: हिरव्या २५ च्या १५०, काळ्या १०० च्या १५०, जांभळ्या ५०० च्या १००, पिवळ्या १,००० च्या १००. सुरुवातीचा ठराव प्रत्येकाला ५,००० चा होता. तो असा बसतो: ८ हिरव्या, ८ काळ्या, ४ जांभळ्या, २ पिवळ्या. माणशी २२ चिप्स, १८ जणांच्या ३९६. पेटीत २८ जांभळ्या आणि ६४ पिवळ्या उरतात, आणि त्या पुढे सुटे बदलायला लागतातच. म्हणजे पेटी या गटाला पुरेशी होती.

पण आदल्या दिवशी कुणीतरी म्हटलं, ‘पाच हजारात काय मजा, दहा करा.’ यजमानाने मानलं. १०,००० साठी पिवळ्या पुरेनात, म्हणून कॅरमच्या सोंगट्या आणल्या. ९ काळ्या, ९ पांढऱ्या, बरोबर १८. प्रत्येकाच्या स्टॅकमध्ये एक सोंगटी, किंमत ५,०००. युक्ती म्हणून सुचली छान, पण जी वस्तू गावातल्या दहा घरांत पडलेली असते ती चिप म्हणून वापरू नये. कुणी मुद्दाम फसवेल असं नाही, पण संशय आला की तो दूर करायला हातात काही राहत नाही.

मग दुसरी सूट दिली. पहिल्या चार लेव्हलपर्यंत (लेव्हल म्हणजे खेळाचा ठरावीक मिनिटांचा टप्पा) कुणी बाहेर गेला तर त्याला पुन्हा पूर्ण १०,००० घेऊन बसता येईल, कितीही वेळा, फुकट. पैशाच्या स्पर्धेत माणूस दुसऱ्यांदा खिशात हात घालताना विचार करतो, त्यामुळे पुन्हा प्रवेशाला आपोआप लगाम असतो. पैसा काढून टाकल्यावर लगाम राहिला नाही. काही जण पत्ते न बघताच ऑल-इन जाऊ लागले, म्हणजे सगळ्या चिप्स एकदम लावू लागले: हरलो तर पुन्हा दहा हजार, जिंकलो तर वीस. त्या चार लेव्हलमध्ये प्रत्येक टेबलावर जेमतेम २४ हात झाले, आणि दोन्ही टेबलं मिळून ११ वेळा नव्या स्टॅक दिल्या गेल्या. पहिल्या सहांना पेटीतल्या पिवळ्या मिळाल्या. त्या संपल्यावर उरलेल्या पाच जणांना वहीच्या कागदाच्या चिठ्ठ्या, प्रत्येकी दोन, त्यावर ‘५०००’ लिहिलेलं. सही नाही, क्रमांक नाही. शेवटी जास्त भरलेले ५,००० म्हणजे एक चिठ्ठी किंवा एक सोंगटी. कोणती, हे शोधायला मार्ग नव्हता.

विनापैशाच्या स्पर्धेत चिपची किंमत एकाच गोष्टीने राहते: गेली की परत मिळत नाही. म्हणून अशा स्पर्धेत पुन्हा प्रवेश ठेवूच नये. नवख्यांना फार लवकर बाहेर जावं लागेल ही भीती खरी आहे, पण तिचा उपाय वेगळा आहे, तो पुढे येईल.

ब्लाइंड आणि घड्याळ

होल्डेममध्ये दर हाताला दोघांना न बघता ठरावीक रक्कम टाकावीच लागते: स्मॉल ब्लाइंड आणि बिग ब्लाइंड. दर लेव्हलला ती वाढते, आणि तीच स्पर्धा पुढे ढकलते. घरगुती स्पर्धेसाठी एक अंदाज बराच खरा ठरतो. स्पर्धेतल्या सगळ्या चिप्सच्या एकूण किमतीला २० ने भागा, आणि बिग ब्लाइंड त्या आकड्याच्या आसपास पोचला की स्पर्धा संपायला आलेली असते. शेवटच्या दोघांत मिळून वीस ब्लाइंडच शिल्लक असतील तर पाच-सहा हातांत निकाल लागतो.

आता या रात्रीचा हिशोब. १८ स्टॅक आणि ११ पुन्हा प्रवेश, प्रत्येकी १०,०००: एकूण २,९०,०००. भागिले २०, म्हणजे १४,५००. आणि यजमानाचा तक्ता, २० मिनिटांची एक लेव्हल, आधी स्मॉल मग बिग ब्लाइंड, असा होता: २५/५०, ५०/१००, ७५/१५०, १००/२००, १२५/२५०, १५०/३००, २००/४००, २५०/५००, ३००/६००, ४००/८००, ५००/१०००, ६००/१२००, ८००/१६००. तेरा लेव्हल म्हणजे चार तास वीस मिनिटं नुसत्या खेळाचे, आणि शेवटी बिग ब्लाइंड १,६००. हवा होता साडेचौदा हजार. हा तक्ता ९:३० ला संपणं शक्यच नव्हतं. ५,००० चा मूळ ठराव ठेवला असता तर एकूण ९०,०००, भागिले २० म्हणजे ४,५००, आणि तक्ता थोडा चढा केला की काम झालं असतं.

त्यात हात संथ. सराईत डीलर बसला की तासाला २५ ते ३० हात होतात. इथे ज्याची पाळी त्याने वाटायचं, एकच कॅट, प्रत्येक हातानंतर सगळ्यांनी पिसणी संपायची वाट बघायची. तासाला १८ हात. २० मिनिटांच्या लेव्हलमध्ये ६. नऊ जणांच्या टेबलावर ब्लाइंडचा एक फेरासुद्धा पूर्ण होत नव्हता. काहींच्या वाट्याला त्या लेव्हलचा बिग ब्लाइंड आलाच नाही.

८:०५ ला वीज गेली, ८:४० ला आली. खेळ थांबला, पण एका टेबलावर मोबाइलचा टायमर चालूच राहिला, आणि वीज आल्यावर दोन्ही टेबलं वेगवेगळ्या लेव्हलवर होती. ते जुळवण्यात आणखी वेळ गेला. अंधार झाला की काय करायचं ते आधीच ठरलेलं असावं. डीलरने कॅटवर तळहात ठेवायचा, प्रत्येकाने आपल्या पत्त्यांवर तळहात ठेवायचा, मधल्या ढिगाला कुणी हात लावायचा नाही, आणि घड्याळ ज्याच्याकडे आहे त्याने पहिल्या सेकंदाला ते थांबवायचं. घड्याळ दोन्ही टेबलांना मिळून एकच असावं. चार्ज केलेला एक इमर्जन्सी दिवा टेबलाजवळ ठेवला की एवढं पुरतं.

१०:४० ला घेतलेला निर्णय

बारावी लेव्हल संपली तेव्हा सात जण उरले होते. सरासरी स्टॅक ४१,००० च्या वर, पुढचा बिग ब्लाइंड १,६००, म्हणजे माणशी पंचवीस-सव्वीस ब्लाइंड. या वेगाने पहाटेचे दोन वाजले असते. दोघांना सकाळी पाचला पाण्याच्या पाळीवर जायचं होतं. यजमानाने जाहीर केलं: पुढची लेव्हल ३०००/६०००.

ज्याच्यापुढे २४,००० होते त्याच्याकडे तक्त्याप्रमाणे १५ ब्लाइंड राहिले असते, आता ४ झाले. १५ ब्लाइंडवर माणूस चांगल्या पत्त्यांची वाट बघू शकतो. ४ वर पुढच्या दोन-तीन हातांत जे येईल ते घेऊन ऑल-इन जावं लागतं. तासभर त्याने जपून खेळून जे राखलं होतं ते एका वाक्याने गेलं. “एकदम एवढा काऊन वाढवला बे? आधी सांगतलं असतं तर मी बी तसाच खेळलो असतो ना!” त्याचं म्हणणं रास्त होतं. मोठ्या स्टॅकवाल्याला हा बदल चालणारच होता, आणि यजमानाचा चुलतभाऊच तेव्हा आघाडीवर असल्याने प्रकरण जास्त चिघळलं. वीस मिनिटं वादात गेली, तिघं उठून गेले, आणि त्यांच्या स्टॅकचं काय करायचं यावर पुन्हा बोलणं झालं.

उशीर झालाच असेल तर मार्ग दोन. पहिला: ब्लाइंडची उडी मोठी करू नका, लेव्हलची मिनिटं कमी करा. १०००/२०००, १५००/३०००, २०००/४०००, ३०००/६०००, ५०००/१०००० अशा पाच लेव्हल, प्रत्येकी ८ मिनिटं. चाळीस मिनिटांत तिथेच पोचतो, पण दर पायरीला खेळाडूला सावरायला जागा मिळते. पुढची पायरी मागच्याच्या दुपटीहून जास्त कधीच नको. दुसरा: खेळ तिथेच थांबवून चिप्स मोजायच्या आणि त्यानुसार क्रम लावायचा. दोन्हींना उरलेल्या सगळ्यांचा होकार हवा, आणि तो पुढचा हात वाटण्याआधी हवा. खरं तर ‘१० नंतर लेव्हल ८ मिनिटांची’ हे सुरुवातीलाच तक्त्याखाली लिहिलेलं असेल तर रात्री कुणालाच काही ठरवावं लागत नाही.

जो उठून जातो त्याचा स्टॅक टेबलावरच राहतो. पाळी आली की त्यातून ब्लाइंड कापले जातात, पत्ते बाद होतात. स्टॅक वाटून घ्यायचा नाही, कुणाला द्यायचा नाही.

तीन पत्तीची सवय

या रात्रीचा सगळ्यांत बोलका प्रसंग पहिल्या टेबलावर, सहाव्या लेव्हलला घडला. मधले पाच पत्ते: बदाम राजा, बदाम नव्वी, इस्पिक अठ्ठी, बदाम चौकी, किल्वर सत्ती. एकाकडे दश्शी आणि गुलाम: सत्ती ते गुलाम सीक्वेन्स. दुसऱ्याकडे बदाम एक्का आणि बदाम छक्की: पाच बदाम, कलर. सीक्वेन्सवाल्याने पत्ते उलगडले. कलरवाल्याने ते बघितले, ‘गेली बाप्पा’ म्हणत आपले पत्ते पालथेच ढिगात टाकले. शेजारच्याने विचारलं तेव्हा कळलं की त्याच्याकडे कलर होता, आणि पोकरमध्ये कलर सीक्वेन्सच्या वर असतो.

“सीक्वेन्स हाये ना भाऊ, कलर कसा काय वरचा?” या प्रश्नाला ‘नियमच तसा आहे’ हे उत्तर पुरत नाही, कारण वीस वर्षं खेळलेला माणूस उलटं शिकलेला असतो. कारण सांगितलं की मात्र कायमचं बसतं. हात जितका दुर्मिळ तितका वरचा. तीन पत्त्यांचे एकूण २२,१०० हात होतात. त्यात कलर १,०९६ आणि साधी सीक्वेन्स ७२०. सीक्वेन्स दुर्मिळ, म्हणून वर. पाच पत्त्यांचे एकूण २५,९८,९६० हात होतात. त्यात सीक्वेन्स १०,२०० आणि कलर ५,१०८. इथे कलर दुर्मिळ, म्हणून कलर वर. पत्त्यांची संख्या बदलली आणि क्रम फिरला. एक्का-दुर्री-तिर्रीचंही तसंच. तीन पत्तीत ती मोठी सीक्वेन्स मानतात. पोकरमध्ये एक्का ते पंजी ही सगळ्यांत लहान सीक्वेन्स.

मग तो डाव कुणाचा? सीक्वेन्सवाल्याचा. पालथे टाकलेले पत्ते ढिगात मिसळले की ते मेले. पत्ते टेबलावर सरळ उलगडलेले असते तर मालकाने काहीही म्हटलं असतं तरी कलरच जिंकला असता, कारण उलगडलेले पत्ते स्वतः बोलतात. म्हणून नवख्यांना एकच सांगावं: शेवटपर्यंत टिकलात तर पत्ते उलगडूनच ठेवा, हार-जीत टेबलावर ठरेल. हातांचा क्रम मोठ्या अक्षरात लिहून दोन्ही टेबलांजवळ भिंतीला लावावा. एक पान, दहा ओळी.

दुसरी सवय चिप्स टाकण्याची. तीन पत्तीत बोलत बोलत चाल टाकतात: ‘तुझे पाचशे… आन् वर हे पाचशे.’ पोकरमध्ये पहिल्या हालचालीत जेवढं पुढे गेलं तेवढंच धरतात, कारण मधल्या क्षणात समोरच्याचा चेहरा बघून रक्कम वाढवता येते. वाढवायचं असेल तर आधी तोंडाने ‘रेज, एक हजार’ म्हणावं, मग चिप्स सरकवाव्यात. आणि काही न बोलता एकच मोठी चिप टाकली तर ते फक्त कॉल, म्हणजे समोरच्याइतकेच लावणं, समजतात.

ऑल-इनचा हिशोब कुठे चुकला

दुसऱ्या टेबलावर तिघं एकाच हातात अडकले. पहिल्याकडे ६,०००, दुसऱ्याकडे १५,०००, तिसऱ्याकडे ४०,०००. पहिले दोघं ऑल-इन, तिसऱ्याने १५,००० कॉल केले. ढिगात ३६,०००. सगळ्यांत मोठा हात पहिल्याचा निघाला, त्याच्या खालोखाल दुसऱ्याचा. पहिल्याने सगळे ३६,००० ओढून घेतले, आणि कुणालाच खटकलं नाही.

माणूस आपण लावले तेवढेच दर खेळाडूकडून जिंकू शकतो. सगळ्यांत लहान ऑल-इन ६,०००, म्हणून तिघांकडून ६,००० प्रमाणे १८,००० चा मुख्य पॉट (लावलेल्या चिप्सचा ढिग), आणि त्यावर तिघांचा हक्क. उरलेले ९,००० आणि ९,०००, मिळून १८,००० चा साइड पॉट. तो फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्यात, पहिल्याचा त्याच्याशी संबंध नाही. म्हणजे पहिल्याला १८,०००, आणि दुसऱ्याला १८,०००. प्रत्यक्षात दुसरा स्पर्धेतून बाहेर गेला. खरं तर त्याच्याकडे होते त्यापेक्षा ३,००० जास्त घेऊन तो बसायला हवा होता.

हे चुकू नये म्हणून ढिग शेवटी मोजू नये. ऑल-इन होताच, पुढचा पत्ता उघडण्याआधी, दोन ढिग वेगळे करून ठेवावेत आणि ज्याचा ज्यावर हक्क त्याच्यासमोर बोटाने दाखवावेत. निकाल ठरवताना साइड पॉटपासून सुरुवात करावी, मुख्य पॉट सगळ्यांत शेवटी.

पत्ते, कूलर आणि टेबल

नवतप्यात कूलरशिवाय बसवत नाही, पण कूलरची हवा ओली असते. कागदी पत्ते ती पितात. तासाभरात फुगतात, एकमेकांना चिकटतात, आणि वाटताना एकाऐवजी दोन निघतात. सहाव्या लेव्हलपर्यंत दुसऱ्या टेबलावरच्या इस्पिक एक्क्याचा कोपरा इतका दुमडला होता की तो कुणाकडे आहे हे पालथ्या पत्त्यावरून ओळखता येत होतं. त्यावर तर्री पोह्याची बोटं. पूर्ण प्लास्टिकचे पत्ते हाच उपाय. ओल्या फडक्याने पुसता येतात आणि कित्येक हंगाम टिकतात. प्रत्येक टेबलाला वेगळ्या पाठीचे दोन कॅट हवेत. एक वाटला जात असताना दुसरा पिसून तयार होतो. एवढ्यानेच तासाला १८ चे २५ हात होतात. कूलर टेबलाच्या सरळ रेषेत नको, भिंतीकडे तोंड करून ठेवावा. खाणं फक्त मधल्या सुट्टीत, हात धुऊनच परत बसायचं.

पिसण्याबद्दलही थोडं. हातातल्या हातात वरचे पत्ते खाली घालण्याची आपली पिसणी फार कमी मिसळते. मागच्या हातातल्या जोड्या जवळजवळच राहतात. दोन गड्ड्या करून अंगठ्याने पत्ते एकमेकांत सोडण्याच्या पद्धतीला पुरेसं मिसळायला साधारण सात वेळा लागतात, असं डायकोनिस आणि बायर या गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवलं. टेबलावर सगळे पत्ते पालथे पसरून अर्धा मिनिट दोन्ही हातांनी फिरवले आणि मग चार वेळा असं पिसलं तर घरगुती खेळाला पुरतं.

टेबलासाठी ८ बाय ४ फुटांचा प्लायवूड दोन ड्रमांवर, त्यावर जाड चादर, वर घट्ट ताणलेली पातळ चादर. खाली मऊ थर नसला तर कडक फळीवरून पत्ता उचलताना तो वाकतो आणि शेजाऱ्याला दिसतो. नऊ जण आरामात बसतात. सतरंजीवर मांडी घालून चार तास बसणं म्हाताऱ्यांना जमत नाही, आणि उठबस झाली की चिप्स लवंडतात.

दुरुस्त केलेला तक्ता

त्याच गटाने पुढच्या वेळी १६ जणांवर स्पर्धा घेतली. प्रत्येकी ५,०००, पुन्हा प्रवेश नाही, एकूण ८०,०००. भागिले २० म्हणजे ४,०००. लेव्हल २० मिनिटांची:

२५/५०, ५०/१००, ७५/१५०, १००/२००, १५०/३००. इथे २५ मिनिटांची जेवणाची सुट्टी, हिरव्या चिप्स गोळा.
२००/४००, ३००/६००, ४००/८००, ६००/१२००, ८००/१६००. इथे १० मिनिटांची सुट्टी, काळ्या चिप्स गोळा.
१०००/२०००, १५००/३०००, २०००/४०००.

१५०/३०० नंतर २५ ची गरजच उरत नाही, म्हणून त्या तिथेच काढायच्या. वीस हिरव्यांना एक जांभळी, सुट्या उरतील त्यांना वरच्या शंभरावर नेऊन काळी द्यायची. दोन्ही सुट्ट्यांत सगळ्या चिप्स मोजून बेरीज वहीत लिहायची. शे-दोनशेचा फरक सुट्यांमुळे पडतो, हजारांचा पडला तर तिथेच थांबून शोधायचं.

पहिला हात ५:१५ ला, कोण आलं कोण नाही ते न बघता. तिसऱ्या लेव्हलपर्यंत उशिरा येणाऱ्याला पूर्ण स्टॅक, नंतर प्रवेश नाही. एका टेबलावर दुसऱ्यापेक्षा दोन जण कमी झाले की चिठ्ठी टाकून एकाला हलवायचं, मर्जीने नाही. नऊ उरले की एकच टेबल, आणि जागा पुन्हा चिठ्ठीने.

बाराव्या लेव्हलमध्ये स्पर्धा संपली तेव्हा दहाही वाजले नव्हते.

लवकर बाहेर जाणाऱ्यांचा प्रश्न राहिला होता. पहिल्या तासात बाद झालेला नवखा तीन तास नुसता बसून काय करणार, ही रास्त तक्रार होती. त्याला डीलर केलं. पहिले दोन बाद झालेले एकेका टेबलाचे डीलर झाले, पुढचे बाद होत गेले तसे दर लेव्हलला बदलले. वाटणारा खेळात नसल्याने खेळणाऱ्यांचं लक्ष विभागत नाही, दोन कॅट असल्यावर हातांचा वेग तासाला २५ च्या वर जातो, आणि वाटता वाटता तो नवखा साइड पॉट लावायला आणि हातांचा क्रम वाचायला शिकतो. ज्याने मागच्या वेळी कलर ढिगात टाकला होता, तोच या वेळी शेवटच्या टेबलावर वाटत होता, आणि एकाने पत्ते पालथे सरकवायला घेतले तेव्हा त्यानेच हात आडवा घातला: “थांबा काका, आधी उलगडून ठेवा.”